जाताना दहा किलो, येताना चाळीस

"दादा, काहीतरी टेक्निकल लिहून दे. पण मशीन डिझाइनच्या पुस्तकासारखं नको, मेसच्या लाइनमध्ये उभं राहून वाचता आलं पाहिजे!" मराठी विभागाच्या संपादकांनी ही अट घातली. बराच विचार केला आणि शेवटी एका सॅकवर लिहायचं ठरवलं. कॉलेजला नेतो ती सॅक नव्हे. शिकारीला नेतात ती!

दचकू नका. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असं माझंही मत आहे. मी स्वतः बंदूक कधी हातात धरलेली नाही. पण एम. एस. साठी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात होतो, तेव्हा आमच्या लॅबमधला टेक्निशियन दर ऑक्टोबरमध्ये रीतसर लायसन्स काढून डोंगरात जायचा. दोन सीझन मी त्याच्याबरोबर गेलो. तो शिकारी आणि मी हमाल! वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस तो, त्यामुळे प्रत्येक वस्तू 'ही अशीच का?' हे विचारल्याशिवाय विकत घ्यायचा नाही. सॅकबद्दल मला जे कळलं त्यातलं निम्मं त्याच्याकडून आणि उरलेलं आपल्या फर्स्ट इयरच्या इंजिनिअरिंग मेकॅनिक्समधून. हो, तोच विषय, ज्याच्या केटीच्या फॉर्मला हॉस्टेलमध्ये कायम गर्दी असते.

प्रश्न नेमका काय आहे?

कोलोरॅडोच्या रॉकी पर्वतात एल्क नावाचं हरीण असतं. हरीण म्हटल्यावर डोळ्यांसमोर चितळ आणू नका. काश्मीरच्या हंगुलाचा हा थोराड चुलतभाऊ. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन तीनशे किलोच्या आसपास भरतं. हाडं, कातडी, आतडी सगळं वगळून नुसतं मांस धरलं तरी साधारण ८० ते १०० किलो. आणि हा प्राणी राहतो कुठे? तर अडीच-तीन हजार मीटर उंचीवर, गाडीरस्त्यापासून चार-पाच किलोमीटर आत, पडलेल्या झाडांच्या जंगलात.

आता माणसाकडे बघा. पहाटे निघताना त्याच्या पाठीवर पाणी, डबा, रेनकोट, जाड जाकीट, टॉर्च, सुरी, दोरी आणि प्रथमोपचाराचं सामान असतं. सगळं मिळून आठ-दहा किलो. दिवसभर हे घेऊन चढायचं, वाकायचं, झाडाझुडपांतून आवाज न करता सरकायचं. म्हणजे सॅक छोटी, हलकी आणि अंगाला चिकटलेली हवी. बहुतेक दिवस तो रिकाम्या हाताने परत येतो. पण ज्या दिवशी शिकार होते, त्या दिवशी संध्याकाळी त्याच सॅकपुढे नव्वद किलोचा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न टाळता येत नाही. शिंगं कापून घेतली आणि निघालो, असं तिथे चालत नाही. चारही पाय मांसासकट, पाठीच्या कण्यालगतचे दोन लांब पट्टे आणि कण्याच्या आतल्या बाजूचे दोन मऊ तुकडे, एवढं तरी खाण्यासाठी बाहेर आणलंच पाहिजे असा कोलोरॅडोचा नियम आहे. मांस सडू देणं हा गुन्हा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, एवढा मोठा जीव घ्यायचा आणि तो कुजवायचा, याइतकं वाईट काही नाही. आमचा टेक्निशियन म्हणायचा, "गोळी झाडायच्या आधी विचार करायचा तो नेमाचा नाही, पाठीचा."

दोन सॅका की एक?

यावर एक सोपा तोडगा निघतो. दिवसा छोटी सॅक वापरायची आणि ओझ्याची मोठी फ्रेम गाडीत ठेवायची. शिकार झाली तर जाऊन आणायची. ऐकायला बरं वाटतं. आता कागद-पेन्सिल घ्या.

समजा माणूस एकटा आहे, मांस ९० किलो आहे आणि गाडी तीन किलोमीटरवर आहे. छोट्या सॅकमधून तो फार तर १२ किलो मांस आणू शकतो. ते घेऊन गाडीपर्यंत एक खेप, म्हणजे ३ किलोमीटर. मग मोठी फ्रेम घेऊन उरलेल्या ७८ किलोंसाठी ३० च्या हिशेबाने तीन वेळा जा-ये, म्हणजे १८ किलोमीटर. एकूण २१. त्याऐवजी पाठीवरचीच सॅक ३० किलो उचलणारी असेल, तर पहिली खेप ३ किलोमीटर आणि नंतर दोन वेळा जा-ये १२ किलोमीटर. एकूण १५. सहा किलोमीटर वाचले! तेही तीन हजार मीटरवर, जिथे आपल्यासारख्याला वसतिगृहाचा जिना चढल्यावर लागते तशी धाप सपाटीवर लागते.

पण खरी बचत अंतराची नाही, वेळेची आहे. दुसऱ्या सीझनमध्ये त्याने मारलेला नर दुपारी साडेतीनच्या सुमारास पडला. आम्ही दोघं होतो आणि दोघांकडे फ्रेमवाल्या सॅका. कातडी सोलून, मांस सुटं करून, अंधार पडायच्या आत पन्नास किलो गाडीच्या दिशेने निघालंसुद्धा. उरलेलं सावलीत, उंच फांदीला टांगून ठेवलं. रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी होती. सकाळी येऊन ते नेलं. फ्रेम गाडीत असती तर पहिली खरी खेप अंधारात सुरू झाली असती. उत्तरेला माँटाना आणि वायोमिंगमध्ये ग्रिझली अस्वलं आहेत. तिथे मांस रात्रभर जमिनीवर सोडणं म्हणजे अस्वलाला मेसचं कूपन देणं!

लिटर बघू नका, किलो बघा

दुकानात गेल्यावर आपण पहिला प्रश्न विचारतो, 'किती लिटरची आहे?' अमेरिकेत तो आकडा बऱ्याचदा घनइंचांत असतो. एक लिटर म्हणजे ६१ घनइंच, म्हणजे २४०० घनइंचांची सॅक जवळजवळ ३९ लिटरची. दिवसभराच्या सामानाला ३० ते ४० लिटर पुरतात.

आता गंमत बघा. मांसाची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त. म्हणजे ३० किलो मांसाला तीस लिटरसुद्धा जागा लागत नाही. आपल्या कॉलेजच्या सॅकमध्येही तेवढं मावेल! मावेल, पण उचलता येणार नाही. पट्टे खांद्यात रुततील, तळ लोंबेल आणि दहा मिनिटांत मान धरेल. इथे अडचण आकारमानाची नाही, भार कुठून कुठे जातो याची आहे. म्हणून सॅक निवडताना पिशवी नंतर बघायची, आधी तिचा सांगाडा.

सांगाडा म्हणजे कॉलम

पाठीवर ओझं वाहायला सांगाडा लागतो हे काही नवीन नाही. १९२० च्या सुमारास लॉइड नेल्सन नावाच्या अमेरिकन माणसाने अलास्कातल्या मूळ रहिवाशांची काठ्या आणि सीलच्या कातड्याची पाठुंगळी बघितली. तिच्यावरून त्याने लाकडी चौकटीला कॅनव्हास ताणून एक पॅक बनवला आणि १९२४ साली पेटंट मिळवलं. तो 'ट्रॅपर नेल्सन' म्हणून प्रसिद्ध झाला. १९५२ मध्ये डिक केल्टीने अॅल्युमिनियमच्या नळ्यांची फ्रेम विकायला सुरुवात केली आणि भार खांद्यावरून कमरेवर आणला. १९६७ मध्ये ग्रेग लो याने फ्रेम पिशवीच्या आत नेली. आजच्या शिकारी सॅका या दोन्ही कल्पनांचं मिश्रण आहेत. पातळ, ताठ फ्रेम अंगालगत आणि तिच्यावर सुटी होणारी पिशवी. माँटानातली मिस्टरी रँच (स्थापना २०००, यती कंपनीने ती २०२४ मध्ये घेतली), स्टोन ग्लेशियर, किफारू, आयडाहोतली एक्सो अशा कंपन्या हेच करतात. तपशील वेगळे, तत्त्व एकच.

तत्त्व असं. वजन खांद्यावर घेतलं की ते मणक्यातून खाली जातं. कमरेच्या हाडावर घेतलं की मणका सुटतो आणि भार थेट पायांत जातो. पण सॅकचा वरचा भाग आणि कमरपट्टा यांच्यामध्ये ताठ काहीतरी हवं. ते नसेल तर सॅक मधेच बसते, पोत्यासारखी. पिशवी खाली येते आणि पट्टे पुन्हा खांद्यावर. म्हणजे फ्रेमच्या उभ्या पट्ट्या हे साधे कॉलम आहेत आणि कॉलम तुटायच्या आधी वाकतो हे ऑयलरसाहेबांनी आपल्याला वायव्हात छळण्यासाठी सांगून ठेवलंच आहे. बकलिंगचा भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ५० सेंटिमीटरची फ्रेम ६५ ची केली तर तेवढ्याच भाराला पट्टीचा ताठपणा सुमारे १.७ पट लागतो. म्हणून उंच फ्रेमला चांगलं अॅल्युमिनियम किंवा कार्बन फायबर वापरतात.

मग आखूडच का नको? कारण खांद्याच्या पट्ट्यांवरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे दोन छोटे पट्टे असतात, त्यांना लोड लिफ्टर म्हणतात. ते खांद्यावरून तिरके वर जायला हवेत, साधारण ३० ते ४५ अंशांनी. फ्रेम खांद्याच्या वर निघाली तरच हे जमतं. आखूड फ्रेममध्ये ते आडवे पडतात आणि नुसते शोभेचे राहतात.

ओझं पाठीला चिकटवा

आपली कावड आठवा. दोन्हीकडे सारखं वजन, मध्ये खांदा. मोमेंट शून्य! सॅकमध्ये ही सोय नाही, ओझं सगळं मागे. म्हणून ते जितकं पाठीजवळ तितकं चांगलं. किती फरक पडतो? ४० किलोचं ओझं पाठीपासून १५ सेंटिमीटरवर असेल तर कमरेभोवती सुमारे ५९ न्यूटन-मीटर मोमेंट. ३० सेंटिमीटरवर असेल तर ११८. हा मोमेंट खांद्याचे पट्टे पेलतात. ते कमरेच्या ४५ सेंटिमीटर वर धरले, तर पहिल्या बाबतीत खांदे १३१ न्यूटनने मागे ओढले जातात आणि दुसऱ्यात २६२ ने. म्हणजे एकदा तेरा किलोची ओढ, एकदा सत्तावीस किलोची. ओझं तेवढंच, नुसती जागा बदलली. माणूस मग तोल सांभाळायला पुढे वाकतो आणि उतारावर पुढे वाकलेला माणूस म्हणजे पडलेलाच समजा.

शिकारीच्या सॅकमधली खरी खुबी इथे आहे. पिशवी फ्रेमपासून सैल करून मागे सरकवता येते आणि दोघांच्या मध्ये जी खाच तयार होते तिला लोड शेल्फ म्हणतात. मांसाची पिशवी या खाचेत बसते, म्हणजे सगळ्यात जड वस्तू पाठीला सगळ्यात जवळ. मागून हलकी पिशवी तिला दाबून धरते आणि आडवे पट्टे आवळले की सगळं एकजीव. तीस किलोचं मांस मऊ असतं, ते प्रत्येक पावलाला खाली सरकू बघतं. म्हणून खाचेला खालून आधाराची झोळी असलेली बरी. मांसाचा मध्य साधारण खांद्याच्या फऱ्यांच्या उंचीवर यावा. त्याच्या खाली गेला की सॅक मागे ओढते, फार वर गेला की डोकं जड झाल्यासारखं माणूस झुलतो.

मांस आत नको, बाहेर

शेल्फचा दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मांस नासतं ते उष्णतेने. ४ ते ६० अंश सेल्सियस हा जंतूंचा आवडता पट्टा आणि नुकत्याच मेलेल्या प्राण्याचं अंग त्याच्या बरोब्बर मध्ये असतं. एल्कची मांडी जाड, वर हिवाळ्याची लोकर. आतली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो आणि हाडालगतचं मांस आधी बिघडतं. जाडी दुप्पट झाली की थंड व्हायला साधारण चौपट वेळ लागतो, हे हीट ट्रान्सफरवाल्यांना सांगायला नको. म्हणून कातडी लगेच काढायची, मांस सुटं करायचं, हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत भरून सावलीत टांगायचं आणि पृष्ठभाग सुकला की मग उचलायचं. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको.

एवढं करून ते मांस बंद नायलॉनच्या सॅकमध्ये कोंबलं आणि वर माणसाच्या पाठीची ऊब दिली तर सगळ्यावर पाणी! शेल्फवर ते बाजूंनी उघडं राहतं, वारा लागतो, आणि आतलं जाकीट व डबा रक्ताने भरत नाहीत. जाळीदार पाठ असेल तर आणखी बरं. फक्त तिच्यामुळे ओझं पाठीपासून दूर जातं का तेवढं बघायचं. इथे वारा आणि मोमेंट यांचं भांडण आहे. जड ओझ्याच्या सॅकमध्ये मी मोमेंटच्या बाजूने मत देईन.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी

माप : आपली उंची महत्त्वाची नाही, धडाची लांबी महत्त्वाची. मान पुढे वाकवल्यावर मागे जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजा. सहा फुटी माणसाचं धड आखूड आणि पाय लांब असू शकतात.

कमरपट्टा : रुंद, ताठ आणि कमरेच्या हाडांवर बसणारा. पोटावर नव्हे! ओझं चढल्यावर तो घसरायला लागला तर बाकी सगळं व्यर्थ.

कापड : डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ५०० डेनियर नायलॉन काट्यांना पुरतं. १००० आणखी दणकट पण जड. आणि घासल्यावर खरखर वाजणारं कापड शिकाऱ्याला चालत नाही, हरणाचे कान आपल्या रेक्टरपेक्षा तिखट असतात.

रंग : कोलोरॅडोत बंदुकीच्या सीझनमध्ये कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा घालावाच लागतो आणि डोक्यावरही तोच रंग. पण सॅकखाली जाकिटाची पाठ झाकली जाते. म्हणून सॅकवरही नारिंगी कापड बांधायचं. त्यातून पाठीवर शिंगं बांधली असतील तर मागून माणूस न दिसता हरीण दिसेल!

बंदूक : येताना रिकामी करून सॅकच्या बाजूला बांधता आली पाहिजे. दोन्ही हातांत काठ्या हव्यात. चार पायांचं टेबल दोन पायांच्या माणसापेक्षा कधीही स्थिर.

वजन : अशी फ्रेमवाली सॅक रिकामी असताना साधारण दोन ते अडीच किलो भरते, साध्या डे-पॅकच्या दुप्पट. दिवसभर तो एक-सव्वा किलो जास्तीचा वाटतो. ही त्या संध्याकाळच्या विम्याची हप्त्याने भरलेली रक्कम समजायची.

क्षमता : जाहिरातीत शंभर पौंड, म्हणजे ४५ किलो, सहज लिहिलेलं असतं. फ्रेम तेवढं उचलतेही. गुडघ्यांचं सर्टिफिकेट मात्र कंपनी देत नाही. दोन जड खेपांपेक्षा तीन हलक्या बऱ्या.

विकत घ्यायच्या आधी

दुकानात रिकामी सॅक पाठीवर घेऊन आरशात बघणं म्हणजे प्रश्नपत्रिका न बघता पेपर सोपा म्हणणं. तिच्यात २५ किलोची वाळू किंवा तांदळाची गोणी शेल्फमध्ये बांधा आणि अर्धा तास जिने चढा-उतरा. आधी कमरपट्टा आवळायचा, मग खांद्याचे पट्टे, मग लोड लिफ्टर, सगळ्यात शेवटी छातीचा पट्टा. बरोबर बसली असेल तर खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकतात. त्यानंतर ओझं काढून फक्त आठ किलो ठेवा आणि पुन्हा चाला. सॅक लटपटली, मागे लोंबली तर ती नापास. दोन्ही पेपर पास व्हायला हवेत, ग्रेस मार्क नाहीत.

आणि एवढं ओझं उभ्याने पाठीवर फेकायचं नाही. सॅक उतारावर टेकवायची, तिच्यापुढे बसून पट्ट्यांत हात घालायचे, पट्टे आवळायचे, गुडघ्यांवर यायचं आणि मग काठ्यांच्या आधाराने उठायचं. ओढा ओलांडताना कमरपट्ट्याचं बकल सोडून ठेवायचं, पाय घसरला तर सॅकमधून लगेच बाहेर पडता येतं.

आपल्याला याचा काय उपयोग?

शिकारीचा नाही, पण हिशेबाचा आहे. हॉस्टेलवरून राजगड-तोरणा करणारी मंडळी दर पावसाळ्यात असतात. आपण सॅक घेतो ती जातानाच्या सामानाकडे बघून. पण ट्रेकमध्ये कुणाचा पाय मुरगळला की त्याचं सगळं सामान दुसऱ्याच्या पाठीवर येतं. टाक्यातलं पाणी आटलं असेल तर खालून दहा-बारा लिटर वर न्यावं लागतं. दोर भिजला की जड होतो. ओझं वाढतं ते नेमकं आपण दमल्यावर, अंधार पडत असताना.

डिझाइनच्या पहिल्या लेक्चरला सर सांगतात, पूल रोजच्या सायकलींसाठी बांधत नाहीत, वर्षातून एकदा जाणाऱ्या सगळ्यात जड ट्रकसाठी बांधतात. त्या टेक्निशियनने डिग्री घेतलेली नव्हती. पण वर्षातले नऊ दिवस रिकामी परत येणारी फ्रेम तो न कुरकुरता वाहायचा, कारण दहाव्या दिवशी एका मोठ्या जनावराचं मांस वाया जाऊ द्यायचं नव्हतं. सॅक जाताना कशी वाटते ते कुणीही सांगेल. तुम्ही येतानाची विचारा.